कायद्याची विद्या आणि बीडची दप्तरे

एलएल.बी., एलएल.एम., एलएल.डी. या पदव्यांच्या नावांत 'एल' हे अक्षर दोनदा का येते, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. लॅटिन भाषेत अनेकवचनी शब्दाचा संक्षेप करावयाचा तर त्याचे आद्याक्षर दुहेरी लिहिण्याचा प्रघात होता. 'लेगुम' म्हणजे 'कायद्यांचा'. आणि हे अनेकवचन मूळचे दोन कायद्यांचे, असे परंपरेने सांगितले जाते. एक रोमन सम्राटांचा नागरी कायदा आणि दुसरा ख्रिस्तसभेचा धर्मकायदा. या दोहोंत जो पारंगत होई त्याला युरोपातील जुनी विद्यापीठे 'उभय कायद्यांचा आचार्य' म्हणून गौरवीत. कायद्यातील आचार्यपद ही आज आपल्या मुलामुलींना दूरची, परकी वाटणारी गोष्ट. परंतु तिच्या जन्माच्या वेळी ख्रिस्तसभा सुइणीसारखी जवळ उभी होती.

हा इतिहास सांगण्यास एक कारण आहे. बीड जिल्ह्यातील आपल्या धर्मग्रामांतून आता वकिलीची पदवी घेतलेली मुले-मुली अधूनमधून दिसू लागली आहेत. पदवी मिळाली की सनद घ्यावी, एखाद्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली बसावे आणि चार पैसे मिळवू लागावे, ही आईवडिलांची अपेक्षा; आणि ज्यांनी ऊस तोडून फी भरली त्यांची ती अपेक्षा मुळीच गैर नाही. अशा घरात एखादी मुलगी एलएल.एम. करण्याचे आणि त्यापुढे पीएच.डी.साठी संशोधन करण्याचे नाव काढते, तेव्हा घर विचारात पडते. संशोधन कशाचे? कायदा तर छापलेला आहे, त्यात शोधावयाचे काय? हा प्रश्न विद्वानांनाही वाटतो तितका भाबडा नाही. त्याचे उत्तर दिल्लीच्या किंवा लंडनच्या ग्रंथालयात शोधण्याचे कारण नाही. ते गोदावरीच्या काठी आणि बालाघाटाच्या डोंगररांगांत, तहसिलीच्या जुन्या दप्तरांत पडलेले आहे.

आधी थोडे मागे जाऊ. इटलीतील बोलोन्या येथील विद्यापीठाचे स्थापनावर्ष परंपरेने १०८८ हे मानले जाते. तेथे इर्नेरियुस नावाच्या पंडिताने सहाव्या शतकातील सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंग्रहाचे ओळीओळीने विवरण करण्यास आरंभ केला. पुढे ११४० च्या सुमारास ग्राशियन यांनी ख्रिस्तसभेच्या विखुरलेल्या आणि कित्येकदा परस्परविरोधी नियमांची संगती लावणारा ग्रंथ सिद्ध केला. १२१९ मध्ये पोप तिसरे होनोरियुस यांनी आदेश काढला, की बोलोन्यात ज्याला शिकविण्याचा परवाना हवा त्याची आधी परीक्षा घेतली जावी आणि परवाना तेथील आर्चडीकनने द्यावा. परीक्षा, परवाना आणि मग अध्यापनाचा अधिकार; आजच्या संशोधन पदवीचा सांगाडा येथे तयार झालेला दिसतो.

या विद्येचा एक नमुना आपल्या वेदीवरही आहे. ब्रिटनीचे संत आयव्हो (१२५३–१३०३) यांनी पॅरिस येथे धर्मकायद्याचा आणि ऑर्लेआँ येथे नागरी कायद्याचा अभ्यास केला, आणि धर्मन्यायालयात न्यायाधीश होऊनही गोरगरिबांची वकिली विनामूल्य केली. वकिलांचे आश्रयदाते म्हणून १९ मे रोजी त्यांचा सण येतो. आठव्या हेन्रीने १५३५ मध्ये इंग्लंडच्या विद्यापीठांतील धर्मकायद्याचे अध्यापन बंद पाडले. दुसरा कायदा गेला, पण नावातला दुसरा 'एल' राहून गेला, आणि इंग्रजांबरोबर तो मुंबईस आला.

आता एक योगायोग पाहा. बोलोन्यात इर्नेरियुस जस्टिनियनवर भाष्य करीत होता, जवळजवळ त्याच पिढीत इकडे कल्याणी नगरीत विज्ञानेश्वर नावाचा पंडित याज्ञवल्क्य स्मृतीवर भाष्य लिहीत होता. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या काळातील हा ग्रंथ म्हणजे 'मिताक्षरा'. ती कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आणि १९५६ पर्यंत ते व आपले बीड एकाच राज्यात होते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो हा मिताक्षरेचा सिद्धांत. इंग्रजांच्या न्यायालयांनी तो स्वीकारला, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मिताक्षरेचे नाव आले, आणि मुलींना तो हक्क मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या एका टीकाग्रंथावर आजही दिवाणी न्यायालयात युक्तिवाद होतात. कायद्यात शोधावयाचे काय, असे विचारणाऱ्यास हे एक उत्तर पुरे व्हावे.

दुसरे उत्तर याहून जवळचे आहे. गेवराई तालुक्याच्या उत्तरेकडील गोदावरी ओलांडली की पैठणचा मुलूख लागतो. सोळाव्या शतकात पैठणच्या रामेश्वर भट्टांचे घराणे काशीस जाऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट, त्यांचे पुत्र शंकर भट्ट आणि शंकर भट्टांचे पुत्र नीलकंठ. या नीलकंठांचा 'व्यवहारमयूख' हा ग्रंथ पुढे गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथील वारसाहक्काच्या दाव्यांत न्यायालयांनी प्रमाण मानला. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकासाठी आलेले गागाभट्टही याच घराण्यातले. गोदाकाठची विद्या काशीमार्गे मुंबईच्या हायकोर्टात पोहोचली, ती अशी.

या व्यवहारमयूखाची चिकित्सक आवृत्ती १९२६ मध्ये सिद्ध केली ती पांडुरंग वामन काणे यांनी. काणे हे चरितार्थासाठी वकिली करणारे गृहस्थ. १९१२ मध्ये त्यांनी एलएल.एम. केले होते. मयूखाच्या प्रस्तावनेसाठी जमविलेली सामग्री वाढत गेली आणि तिच्यातून धर्मशास्त्राचा इतिहास उभा राहिला. १९३० ते १९६२ या काळात पाच खंड, साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठे. दिवसा अशिलांची कागदपत्रे आणि उरलेल्या वेळी पोथ्या, असा हा संसार त्यांनी आयुष्यभर केला. भारतरत्न त्यांना १९६३ मध्ये मिळाले. कायद्याचे संशोधन म्हणजे वकिली जमली नाही म्हणून धरलेली आडवाट, असे ज्यांना वाटते त्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विज्ञानेश्वर, देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, पैठणचे भट्ट, या सर्वांचे ग्रंथ ज्यांच्या जगण्याचे नियम ठरवीत होते त्यांपैकी फारच थोड्यांना ते वाचण्याचा अधिकार होता. आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहणारे. कायदा त्यांच्यावर चालला. त्यांना तो वाचावयास मिळाला नाही. लॅटिनही शेतकऱ्याची भाषा नव्हती, हे मान्य; बोलोन्यातही गरिबाची वाट सोपी नव्हती. तरीही अक्षरावरच बंदी ही गोष्ट वेगळी, आणि तिची सावली पुढच्या शतकांत लांबवर पडली.

स्त्रियांच्या बाबतीत तर सर्व देशांचे एकमत होते. आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण मुलींच्या आईवडिलांसाठी मुद्दाम सांगतो. नाशिक येथे १८६६ मध्ये एका ख्रिस्ती घरात कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये बी.सी.एल. ही कायद्यातील उच्च परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांना परीक्षेस बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. परीक्षा दिली, पदवी मात्र नाही. कारण स्त्रियांना पदवी देण्याची तेथे रीत नव्हती. ती पदवी हाती आली १९२२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. मधल्या काळात त्या रिकाम्या बसल्या नाहीत. १९०४ पासून बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या वतीने पडदानशीन विधवा आणि त्यांची मुले यांच्या मालमत्तेचे प्रश्न त्यांनी हाताळले. ज्या बाईला आपल्याच इस्टेटीचा कागद पाहावयास मिळत नाही तिच्या दारी जाऊन तो कागद वाचणारी बाई, असे त्यांच्या कामाचे वर्णन करता येईल.

कागद वाचणे ही बीड जिल्ह्यात फार मोलाची गोष्ट आहे. ती का, हे समजण्यासाठी निजामाच्या काळात यावे लागेल.

बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद आणि औरंगाबाद हे जिल्हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. (यांतील शेवटच्या दोहोंची नावे आता धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर.) पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ या काळात दिवाण होते, जिल्ह्यांची व न्यायालयांची घडी त्यांनी बसविली. दरबाराची भाषा तोवर फारसी होती. १८८० नंतरच्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. बीडचा शेतकरी घरात मराठी बोले, परंतु त्याचा दावा, त्याचा जबाब आणि त्याच्यावरील निकाल उर्दूत. त्याची खूण आपल्या जिभेवर अजून आहे. वकील, फिर्याद, दावा, जामीन, हुकूम, तारीख, नक्कल, दस्त, मुन्सफ हे शब्द बोलताना आपण अर्धी फारसी बोलत असतो, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग या मुलखातील मुलाने कायदा शिकावा कोठे? १९१८ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी उस्मानिया विद्यापीठ स्थापन केले. सर्व उच्च शिक्षण उर्दूतून, इंग्रजी हा एक सक्तीचा विषय. त्याच्या आदल्या वर्षी पुस्तकांच्या भाषांतरासाठी एक स्वतंत्र संस्था काढण्यात आली आणि विज्ञानापासून कायद्यापर्यंतची पारिभाषिक शब्दसंपदा उर्दूत घडविली गेली. निजामी राजवटीवर टीका करताना आपण हे काम विसरतो, ते योग्य नव्हे. इंग्रजी अमलात सर्वत्र इंग्रजीची पूजा चालू असताना एका देशी भाषेतून आधुनिक कायदा शिकविणे ही मोठी हिंमत होती. दुःख एवढेच, की ती देशी भाषा संस्थानातील बहुसंख्य मराठी, तेलुगू आणि कानडी प्रजेची नव्हती. बीडच्या मराठी मुलाच्या दृष्टीने लॅटिन, संस्कृत, फारसी यांच्या रांगेत आणखी एक भाषा येऊन उभी राहिली.

तरीही मराठी माणसे त्या भिंतीवर चढली. मराठवाड्यातून गेलेले केशवराव कोरटकर हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि विवेकवर्धिनीसारख्या मराठी शाळेच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत उस्मानियातून अनेक विद्यार्थी काढून टाकले गेले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या चळवळीतले. त्यांनी कायद्याची पदवी नागपूरची घेतली. कायदा शिकावयाचा तर हद्द ओलांडून जावे, हा मराठवाड्याचा अनुभव असा जुना आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि पुढच्या काही वर्षांत जमिनीविषयीच्या कायद्यांची एकच रांग लागली. १९४९ मध्ये जहागिरी संपल्या. १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आला, १९५२ मध्ये इनामांच्या चौकशीचा आतियात कायदा, आणि १९५४ मध्ये इनामे व रोख नेमणुका रद्द करणारा कायदा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. येथे राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११९ व्या कलमाने एक महत्त्वाची गोष्ट केली: राज्याची सीमा बदलली तरी, विधिमंडळ बदल करीपर्यंत, त्या त्या प्रदेशातील कायदे तसेच चालू राहतील. परिणाम असा, की आष्टी तालुक्यातील कूळ १९५० च्या हैदराबाद कायद्याखाली आणि हद्दीपलीकडचे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील कूळ १९४८ च्या मुंबई कायद्याखाली. मधे एक बांध, दोहोंकडे ज्वारी, आणि कायदे दोन. विदर्भाचा कूळ कायदा तिसराच, १९५८ चा. कायद्याच्या महाविद्यालयांतून पुष्कळदा मुंबईचाच कायदा विस्ताराने शिकविला जातो, आणि बीडचा पदवीधर आपल्याच गावचा कायदा कचेरीत आल्यावर शिकू लागतो.

हैदराबाद कायद्यात पुढे घातलेले ३८-ई हे कलम आपल्या विषयाचे उत्तम उदाहरण होय. संरक्षित कुळांकडे जमिनीची मालकी गेल्याचे शासनाने अधिसूचनेने जाहीर करावे, अशी त्यात तरतूद आहे. कूळ संरक्षित होते की नव्हते हे ठरते ते त्या काळच्या नोंदवहीवरून. नोंदवहीच्या मागे १९५४-५५ चे खासरा पत्रक. त्याच्याही मागे निजामी दप्तर. त्या दप्तरात इनामाचा उतारा म्हणजे मुंतखब. जमीन देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी असेल तर खिदमतमाश, निर्वाहासाठी दिलेली असेल तर मदतमाश. सेवेसाठी दिलेली जमीन सेवा करणाऱ्याला विकता येत नाही, निर्वाहाच्या जमिनीची गोष्ट वेगळी. म्हणजे एका शब्दाच्या वाचनावर लाखो रुपयांचा व्यवहार खरा किंवा खोटा ठरतो. हे सर्व उर्दूत, पुष्कळदा शिकस्ता म्हणजे धावत्या वळणाच्या लिपीत. तारखा फसली सनाच्या. त्यात ५९० मिळविले की इसवी सन निघतो. महिने आजूर, दै, बहमन असे इराणी नावांचे. रकमा हाली सिक्क्यात आणि सियाक नावाच्या हिशेबी चिन्हांत, जी पाहून आकड्यांऐवजी रांगोळीच्या रेघा वाटाव्यात. त्याहून जुने कागद असतील तर मोडी. हे वाचणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी, तीही वृद्ध.

अशा कागदांचे वाचन हा निव्वळ छंद राहिलेला नाही, हे अलीकडे सर्वांनी पाहिले. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मराठवाड्यातील जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध झाली. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचे नाव घराघरांत पोहोचले. त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंविषयी येथे मत देण्याचा हेतू नाही. परंतु ज्या कागदांना कालपरवापर्यंत वाळवीशिवाय कोणी विचारीत नव्हते, त्यांवर एका जिल्ह्याचे समाजजीवन ढवळून निघाले, एवढे खरे.

आपल्या कुटुंबांचा प्रश्न या सर्वांत कोठे बसतो? इनाम आणि जहागिरी त्यांच्याकडे नव्हत्याच. त्यांच्याकडे कोठे एखादा कुळाचा तुकडा, कोठे गायरानातील वहिवाट. मराठवाड्यातील भूमिहीनांनी गायराने कसण्यास घेतली, त्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या काळापासून सत्याग्रह झाले आणि नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले. पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्या निकालातच भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांसारख्या अपवादाचा उल्लेख आहे. ज्याच्या हाती कागद आहे त्याला अपवादाचा आधार. कागद नाही त्याच्या दारी नोटीस.

आणि ती नोटीस घ्यावयास माणूस घरी असतो का? दिवाळीच्या आगेमागे आपली कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कोयता बांधून निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. परततात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आमच्या देवळात म्हातारी माणसे आणि लहान मुले अधिक दिसतात, ती याच कारणाने. जमिनीच्या फेरफाराला हरकत घेण्याची मुदत महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार पंधरा दिवसांची. मुदत देणारा कायदा १९६६ चा, आणि स्थलांतराचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. या दोहोंचा मेळ कसा बसावा? पंधरा दिवसांची ही मुदत हंगामी स्थलांतर करणाऱ्याच्या बाबतीत न्याय्य ठरते काय, हा एका प्रबंधाचा विषय आहे. मुकादमाची उचल हा करार की वेठ, १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कसोटीस ती कोठे उतरते, हा दुसऱ्या प्रबंधाचा. हे विषय ज्याने फडात दिवस काढले आहेत त्याला जितके कळतील तितके ते दुसऱ्यास कळणे अवघड. विद्यापीठांतून मात्र अंतराळाच्या आणि संगणकाच्या कायद्यावर प्रबंधांची चलती दिसते. ते विषय वाईट नाहीत. पण त्यांच्यावर लिहिणारे जगभर आहेत.

वाट पूर्वीपेक्षा जवळ आली आहे, हेही सांगावयास हवे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले; दीर्घ आणि रक्तलांछित नामांतर लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ पासून त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. उच्च न्यायालय औरंगाबादेत बसू लागले ते २७ ऑगस्ट १९८१ पासून, आणि त्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मिटविला. त्याच शहरात २०१७ पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ चालू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये एक वर्षाच्या एलएल.एम.लाही वाट मोकळी केली. पीएच.डी.साठी २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात. कालावधी किमान तीन वर्षे, कमाल सहा. स्त्रियांना आणखी दोन वर्षांपर्यंत सवलत आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. लग्न झाले की मुलीचे शिक्षण संपले, असे मानणाऱ्या घरांनी ही शेवटची तरतूद वाचावी.

पैशाची बाजू अवघड आहे. अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद करण्यात आली. अनुसूचित जातींसाठीच्या योजनांत आपल्या मुलांना जागा नाही, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसरा परिच्छेद. तो प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात स्थान मिळाले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. (त्याच्या विचारासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला.) उरते ती नेट परीक्षेतून गुणवत्तेवर मिळणारी कनिष्ठ संशोधक अधिछात्रवृत्ती. धर्मग्रामांनी देवळाच्या रंगरंगोटीतून काही वाचवून एखाद्या संशोधकाच्या फीचा भार उचलावा, असे मी याआधी व्यासपीठावरून बोललो आहे; येथेही बोलतो. आपल्या धर्मसंहितेचा १२९० वा नियम सांगतो, की करारांच्या बाबतीत देशाच्या नागरी कायद्याने ठरविलेलेच ख्रिस्तसभेतही पाळावे. म्हणजे उभय कायदे येथे पुन्हा एकत्र आलेच. देवळाच्या जागांचे जुने कागदही कोणीतरी वाचावयास हवे आहेतच की.

भाषेचे एक चक्रही पूर्ण होत आले आहे. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना २१ जुलै १९९८ रोजी निघाली. फारसी, उर्दू, इंग्रजी आणि मग मराठी, असा बीडच्या न्यायालयाचा प्रवास. कायद्यातील प्रबंध मात्र बहुधा इंग्रजीतच लिहिले जातात, आणि ज्यांच्या जमिनीविषयी ते लिहिले त्यांना त्यांची वार्ता नसते. प्रबंध स्वीकारला गेल्यावर त्याचे सार मराठीत छापण्याचा आग्रह मार्गदर्शकांनी धरला, तर फारसा खर्च येणार नाही.

राहिला जुन्या लिपींचा प्रश्न. मोडी शिकण्याची सोय अलीकडे वाढली आहे आणि ती शिकावयास काही महिने पुरतात. उर्दूसाठी तर दूर जाण्याचेही कारण नाही. बीड, अंबाजोगाई, परळी येथे उर्दू शाळा आहेत आणि निवृत्त उर्दू शिक्षक शेजारच्या मोहल्ल्यात राहतात. विचारले तर आनंदाने शिकवितात, असा अनुभव आहे. आमच्या धर्मग्रामातील एलएल.बी. झालेली एक मुलगी गेल्या पावसाळ्यापासून अशाच एका मास्तरांकडे जाते. फीचे नाव काढले की ते रागावतात. छापील उर्दू तिला आता वाचता येते, फसली महिने क्रमाने पाठ आहेत. शिकस्ता अजून अडते, आणि सियाकच्या रकमा मास्तरांनाही पूर्ण लागत नाहीत. त्यासाठी दोघे मिळून तहसिलीतील एका जुन्या कारकुनाचा पत्ता शोधीत आहेत.